वाचकांचे प्रश्न : नाइटांच्या कथा कुणी संपवल्या?

प्रश्न : स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसने ‘दोन किहोते’ (इंग्रजी वळणाने ‘डॉन क्विझोट’) लिहून नाइटांच्या, म्हणजे युरोपातल्या घोडेस्वार सरदार-योद्ध्यांच्या, भाकडकथांचा एका फटक्यात निकाल लावला, असे सर्रास सांगितले जाते. या कथा मध्ययुगातल्या असतील, तर त्यांची टिंगल करण्यासाठी १६०५ साली एवढी मोठी कादंबरी लिहिण्याचे कारण काय? मेलेल्याला मारण्यात हशील काय होते?

उत्तर : शंका रास्त आहे. सर्व्हांतेससमोर होता तो मध्ययुगाचा अवशेष नव्हे. छापखान्याने वाढवलेला, सोळाव्या शतकाचा बराच काळ तेजीत राहिलेला माल होता. आर्थर राजा आणि फ्रँक सम्राट शार्लमेन यांच्या योद्ध्यांच्या कथा बाराव्या-तेराव्या शतकांपासून हस्तलिखितांतून फिरत होत्या हे खरे. पण हस्तलिखित पदरी बाळगण्याची ऐपत मोजक्या घराण्यांचीच असे. छपाई सुरू झाल्यावर मात्र मुद्रकांना हमखास खपेल अशा मजकुराची गरज भासू लागली, आणि १४८५ साली इंग्लंडमध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने मॅलरीने लिहिलेली आर्थरकथा छापली किंवा १४९० साली स्पेनमधल्या व्हालेन्सियात मार्तोरेलच्या ‘तिरान लो ब्लांक’ या नाइटकथेचा ग्रंथ निघाला, तो याच गरजेतून.

खरा धडाका लावला तो ‘आमादीस दे गाऊला’ने. ही कथा चौदाव्या शतकापासून स्पेनमध्ये ठाऊक होती. मेदिना देल काम्पो या बाजारपेठेच्या गावातले कारभारी गार्सी रोद्रिगेस दे मोन्ताल्वो यांनी तिचे तीन जुने भाग साफसूफ केले आणि चौथा स्वतः जोडला. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १५०८ सालची असून ती सारागोसा येथे होर्हे कोसी या मूळच्या जर्मन मुद्रकाने छापली. आमादीसचा मुलगा एस्प्लान्दियान याच्यावर मोन्ताल्वो यांनीच पाचवा भाग लिहिला. त्यात काळ्या योद्धा स्त्रियांचे, सोन्याने भरलेले कॅलिफोर्निया नावाचे एक बेट येते, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पुढे मिळालेले नाव तिथलेच असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यानंतर मुलगा, नातू, पणतू अशी मालिकाच सुरू झाली. १५२६ साली हुआन दियास या लेखकाने आठव्या भागात म्हाताऱ्या आमादीसला मारून टाकले. वाचकांना ते रुचले नसावे, कारण तो भाग पुन्हा छापला गेला नाही, आणि फेलिसियानो दे सिल्व्हाने १५३० साली नववा भाग काढताना त्या मृत्यूकडे खुशाल काणाडोळा केला. लोकप्रिय नायकाला मरू न देण्याचा हा व्यवहार आजच्या मालिकावाल्यांनाही परका वाटणार नाही. स्पेनमध्ये बारा भागांवर थांबलेली ही मालिका इटालियन लेखकांनी पुढे ओढली आणि जर्मन भाषेत ती चोवीस भागांपर्यंत गेली. फ्रेंचमध्ये एर्बेरे देझेसार याने १५४० पासून केलेले भाषांतर तर दरबारी बोलण्या-वागण्याचा नमुना म्हणून वाचले जाई.

राजेलोकही यात मागे नव्हते. १५४९ साली आजच्या बेल्जियममधल्या बँश येथे स्पेनचा युवराज फिलिप याच्या सन्मानार्थ जो उत्सव झाला, त्यात मंतरलेला किल्ला आणि खांबात रुतलेली तलवार असा सगळा देखावा उभारला होता. ती तलवार उपसणारा ‘अनोळखी’ नाइट स्वतः फिलिपच होता, आणि त्याने नाव घेतले होते बेल्तेनेब्रोस, म्हणजे आमादीसने विरहात धारण केलेले नाव. हे चालू असताना युद्धाचा निकाल मात्र तोफा-बंदुका लावू लागल्या होत्या. इटालियन कवी आरिओस्तोने ‘ओर्लांदो फुरिओसो’ या नाइटांवरच्या काव्याच्या १५३२ सालच्या वाढीव आवृत्तीत एक प्रसंग घातला आहे : ओर्लांदो शत्रूची बंदूक हस्तगत करतो आणि भ्याडालाही शूराच्या बरोबरीला आणणारे हे हत्यार नको म्हणून ती खोल समुद्रात फेकून देतो. कवीचा आश्रयदाता, फेर्राराचा ड्यूक आल्फोन्सो, तोफा ओतण्याच्या कौशल्यासाठी युरोपभर नावाजलेला होता, हे लक्षात घेऊन तो प्रसंग वाचावा.

आता टीकेविषयी. सर्व्हांतेसच्या कितीतरी आधी विद्वान आणि धर्मोपदेशक या पुस्तकांवर तुटून पडले होते. १५३१ साली स्पेनच्या राजसत्तेने ती अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवण्यास मनाई केली, आणि १५५५ साली प्रतिनिधिसभेने ती देशातही बंद करावीत अशी मागणी केली. पुस्तके मात्र जहाजांतून जातच राहिली. स्पेनच्या संत तेरेसाने आत्मचरित्रात लिहिले आहे की आईबरोबर आपणही ही पुस्तके वाचत असू आणि वडिलांना ते कळू देत नसू. जखमी होऊन लोयोला येथे पडून असलेल्या, पुढे जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियसने १५२१ साली करमणुकीसाठी हीच पुस्तके मागितली होती. घरात ती नव्हती, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे त्याच्या हाती पडली.

या कथा ऐकत कोण होते, याचे सर्वांत चांगले चित्र ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागातल्या बत्तिसाव्या प्रकरणात आहे. खाणावळवाला सांगतो की सुगीच्या दिवसांत सुट्टी असली म्हणजे कापणीकरी त्याच्याकडे जमतात, वाचता येणारा एखादा पुस्तक हाती घेतो, आणि तिसाहून अधिक माणसे त्याच्याभोवती बसून ऐकतात. मालकाला तलवारीचे वार आवडतात, मोलकरणीला नारिंगाच्या झाडाखालचे आलिंगन, आणि मुलीला नाइटांचा विरहविलाप, जो ऐकून तिला रडू येते. पाद्री खाणावळवाल्याला ही पुस्तके निव्वळ खोटी आहेत असे बजावतो, तेव्हा राजाच्या परिषदेच्या परवानगीने छापलेली पुस्तके खोटी कशी असतील, असा त्याचा उलट सवाल असतो. छापील अक्षराचा हा धाक हीच सर्व्हांतेसची खरी लक्ष्यवस्तू आहे, असे मला वाटते. कारण नाइटांच्या कथांवर त्याचा सरसकट राग नव्हता. सहाव्या प्रकरणात पाद्री आणि न्हावी, नाइटकथा वाचून डोके फिरलेल्या दोन किहोतेची पुस्तके जाळायला काढतात, तेव्हा ‘आमादीस’ला जीवदान मिळते, आणि ‘तिरान’ची तर वाखाणणी होते, कारण त्यातले नाइट जेवतात, झोपतात आणि मृत्युपत्र करून अंथरुणात मरतात.

तेव्हा या कथा एका फटक्यात मेल्या, हे बरोबर नाही. स्पेनमध्ये छापलेली अगदी नवी अशी शेवटची नाइटकथा १६०२ सालची, म्हणजे ‘दोन किहोते’च्या आधीची आहे. दोन रकान्यांत छापलेले, मोठ्या आकाराचे ते जाडजूड ग्रंथ महागाईच्या काळात परवडेनासे झाले, आणि वाचकांना ‘लासारियो’ (१५५४) किंवा ‘गुस्मान’ (१५९९) यांसारख्या भुरट्या नायकांच्या कथा, मेंढपाळांच्या प्रेमकथा आणि भरभराटीला आलेले नाटक अशी नवी करमणूक मिळाली. याउलट ‘एस्पेहो दे प्रिन्सिपेस’ ही जुनी नाइटकथा सारागोसा येथे १६१७ आणि १६२३ साली, म्हणजे सर्व्हांतेसच्या पुस्तकानंतर, पुन्हा छापली गेली. फ्रान्समध्ये त्र्वा गावच्या मुद्रकांनी एमोंच्या चार पुत्रांची जुनी नाइटकथा निळ्या कागदाच्या स्वस्त पुस्तिकांत अठराव्या शतकातही विकली.

प्रश्न : या वाङ्मयाचा आपल्या भागाशी काही संबंध येतो काय?

उत्तर : एक सरळ धागा गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगालचा ज्वांव दे बारूश याने तरुणपणी, युवराजाच्या कपड्यांच्या कोठीत सेवेला असताना, ‘क्लारिमुंदु’ ही नाइटकथा रचली. ती १५२२ साली छापली गेली. पोर्तुगालच्या राजघराण्याचा मूळ पुरुष एक शूर सम्राट ठरवून त्याच्या वंशजांच्या भावी पराक्रमाची भविष्यवाणी एका जादूगाराच्या तोंडी घालण्याची युक्ती तिच्यात आहे. हाच बारूश पुढे लिस्बनमध्ये पूर्वेकडील व्यापार पाहणाऱ्या कचेरीचा प्रमुख अधिकारी झाला आणि त्याने आशियातल्या पोर्तुगीज कारभाराचा इतिहास लिहिला. अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकल्याची हकिगत त्याच्या १५५३ सालच्या दुसऱ्या खंडात आहे. तो स्वतः भारतात कधीच आला नव्हता. कागदपत्रे आणि परतलेल्यांच्या जबान्या यांवर त्याची भिस्त होती. त्यामुळे त्या खंडातली युद्धवर्णने पुरावा म्हणून वापरताना लेखकाचा हात आधी कुठे बसला होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवणे बरे.