डॉसमधली सोसायटीची बिलं यूएसबी प्रिंटरवर कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीची मेंटेनन्सची बिलं डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या, फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या जुन्या प्रोग्रामवर निघतात, तो फक्त एलपीटी १ या जुन्या पॅरलल प्रिंटर पोर्टवर छापतो, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडला आणि नव्या यूएसबी लेझरमधून कागदच बाहेर येत नाही. मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये मी हे काम केलंय, म्हणून सविस्तर सांगतो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून यूएसबी-टू-पॅरलल केबल आणायला निघाला असाल तर थांबा. ती जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडण्यासाठी असते आणि विंडोजमध्ये ती यूएसबी००१ असा पोर्ट दाखवते, एलपीटी १ नव्हे. तुमची अडचण नेमकी उलटी आहे: प्रोग्राम जुना, प्रिंटर नवा.

विंडोज ३२-बिट असेल तर केबल लागतच नाही. प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव छोटं आणि बिनस्पेसचं ठेवा. मग कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत 'नेट यूज एलपीटी१:' लिहून पुढे स्पेस, दोन बॅकस्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव, पुन्हा स्पेस आणि शेवटी '/पर्सिस्टंट:येस'. मदरबोर्डवर खरा पॅरलल पोर्ट असेल तर तो आधी डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा.

इथवर सगळे पोचतात. खरी गोची पुढे आहे. या वाटेने गेलेला मजकूर ड्रायव्हरने न बदलता, जसाच्या तसा प्रिंटरकडे जातो. प्रिंटरला पीसीएल किंवा ईएससी/पी या प्रिंटरच्या आज्ञांच्या भाषा कळत असतील तरच तो छापेल. स्वस्तातले बरेच लेझर होस्ट-बेस्ड असतात, पान तयार करायचं काम ते विंडोजवर सोडतात. त्यांना साधी अक्षरं पाठवली तर ते गप्प बसतात. तुमचाही तसलाच असावा असं मला वाटतं. मॉडेलच्या माहितीपत्रकात 'पीसीएल' शब्द आहे का ते बघा.

मागच्या पावसाळ्यात दादरच्या एका सोसायटीत पीसीएलवाला लेझर होता, तरी घोळ झाला. पहिलं बिल पाठवलं, दिवा लुकलुकत राहिला, कागद नाही. दुसरं पाठवल्यावर पान आलं, पण दुसऱ्या बिलाच्या शेवटच्या दोन ओळी, म्हणजे नेमकी 'एकूण देय' रक्कम, पुढच्या पानावर. खजिनदार काकांनी पट्टीने ओळी मोजल्या तेव्हा उलगडा झाला. जुन्या ११ इंची सलग कागदावर ६६ ओळी बसायच्या, दोन बिलं प्रत्येकी ३३ ओळींची. लेझर ए४ वर ६४ ओळी धरत होता आणि पान भरेपर्यंत किंवा फॉर्म फीडची, म्हणजे 'पान बाहेर काढ' अशी खूण येईपर्यंत कागद सोडत नव्हता. प्रोग्रामची मूळ कोडची फाइल (सोर्स) सापडली, प्रत्येक दुसऱ्या बिलाअखेरी 'इजेक्ट' ही फॉर्म फीड पाठवणारी आज्ञा टाकली, बिलाच्या ओळी थोड्या कमी केल्या, काम झालं.

विंडोज ६४-बिट असेल तर डॉसचा प्रोग्राम थेट चालणारच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. तिथे डॉसबॉक्स-एक्स वापरा, म्हणजे विंडोजमध्ये डॉसची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्यातला नकली प्रिंटर ईएससी/पी समजून घेतो आणि पान विंडोजच्या प्रिंटरला देतो, त्यामुळे होस्ट-बेस्ड लेझरही चालतो. सेटिंगमध्ये 'पॅरलल१' समोर 'प्रिंटर' लिहा, आउटपुटलाही 'प्रिंटर' ठेवा आणि टाइमआउट (किती वेळ थांबायचं ते) द्या, म्हणजे फॉर्म फीड आलं नाही तरी पान बाहेर पडतं. आधी डीबीएफ फाइलींची, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलींची कॉपी घ्या आणि त्या कॉपीवरच चालवून बघा. वीस-पंचवीस वर्षांची थकबाकी त्यात असते, ती गेली तर कुठून आणणार?

पावत्या कार्बन कॉपीसह लागत असतील तर मात्र लेझरचा नाद सोडा. यूएसबीवाले डॉट मॅट्रिक्स आजही नवे मिळतात, ईएससी/पी त्यांना कळतं, आणि ३२-बिटवर वरची 'नेट यूज'ची युक्ती त्यांना तशीच लागू पडते.

प्रिंटरचं मॉडेल आणि विंडोज किती बिटचं आहे एवढं कळवा, म्हणजे यातली कोणती वाट तुमच्यासाठी ते नक्की सांगतो.