डेक्सा रिपोर्ट दाखवून मणक्याचा क्लेम नाकारला

प्रश्न: आईला (वय 66) लंबर कॅनल स्टेनोसिस, म्हणजे कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाली होती. ऑपरेशन झालं, पण विमा कंपनीने क्लेम नाकारला. पॉलिसीच्या तीन महिने आधी केलेल्या डेक्सा चाचणीत हाडांची घनता कमी (टी-स्कोअर उणे 1.8) आली होती, ती कळवली नाही, असं कारण दिलंय. ही पॉलिसी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीतून पोर्ट केली, तिथे तीन वर्षं होती. काय करावं?

उत्तर: तुमचं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. आरोग्य विम्याला सलग 60 महिने झाले की माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पोर्ट केल्यावर आधीच्या कंपनीतली वर्षंही यात धरतात. कंपनीने चार मोजलेली दिसतात, तुमची सात झाली. मध्ये खंड नव्हता हे जुन्या पॉलिसींच्या प्रतींवरून दाखवा. पोर्ट करताना विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेला मात्र हे संरक्षण अजून नाही.

दुसरा मुद्दा वैद्यकीय. उणे 1 ते उणे 2.5 या टप्प्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात; त्यात हाड विरळ होतं. स्टेनोसिसमध्ये जाड झालेलं लिगामेंट, फुगलेली चकती आणि सांध्यांशी वाढलेलं हाड नसांची जागा खातं. गंमत म्हणजे, या वाढलेल्या हाडामुळे कमरेचा डेक्साचा आकडा खऱ्यापेक्षा चांगलाच दिसू शकतो! पण हे वकिलाने सांगून भागत नाही. घनता कमी असल्यामुळे नळी अरुंद झालेली नाही, आणि स्टेनोसिसचं निदान पहिल्यांदा कधी झालं, हे सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. ‘हाडांचा किंवा सांध्यांचा काही विकार?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं असेल, तर हा दुसरा मुद्दा लंगडा पडतो. मग भिस्त 60 महिन्यांवरच.

हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपरही काढा. भरती करताना कुणीतरी घाईत ‘पाठदुखी 10 वर्षांपासून’ असं खरडतं, आणि कंपनी नेमकी तीच ओळ पकडते. तशी नोंद असेल आणि चुकीची असेल, तर मूळ कागदावर खाडाखोड करून घेऊ नका. डॉक्टरांकडून वेगळं खुलाशाचं पत्र घ्या.

आता आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, त्यामुळे माझी गरज पडणार नाही. पॉलिसी आईंच्या नावावर असेल तर सही त्यांचीच हवी. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, मुदत दोन वर्षं. पण तिथे आधी दावा टाकलात, तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाहीत.