त्या सहा तासांच्या वर्कशॉपबद्दल

अगं, तुझा मेसेज नाइट ड्युटीवरून आल्यावर वाचला. नर्सिंग लायसन्सचं रिन्यूअल जवळ आलंय, त्यासाठी कोर्सचे ३० तास भरायचेत, थेराप्युटिक टचच्या वर्कशॉपमध्ये सहा तास एका झटक्यात निघतात, तर करू का, असं विचारतेस. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी ही पळापळ मीपण करते, त्यामुळे तुला नावं ठेवत नाही. नवीन असताना मी स्वतः असलाच एक कोर्स केला होता, सर्टिफिकेटवर नर्सिंग बोर्डाचा नंबर बघून वाटलं की कुणीतरी तपासलं असणारच. तो नंबर कोर्स घेणाऱ्याचा असतो गं, थेरपी चालते याचा दाखला नव्हे!

नावात टच, पण हात अंगाला लागतच नाहीत, दोन-चार इंच वरून फिरवायचे आणि म्हणे एनर्जी फील्ड जाणवते. माझी आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची तेव्हा तिचाही हात असाच फिरायचा, फक्त तिने त्याला कधी सायन्स म्हटलं नाही. हे मात्र १९७० च्या दशकात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुंझ यांच्यासोबत सुरू केलं, म्हणून आपल्याच लोकांना ते आपलं वाटतं.

मग कोलोरॅडोतल्या एमिली रोझाने शाळेच्या सायन्स फेअरसाठी साधा खेळ केला. वय नऊ. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्याच्या भोकांतून ही थेरपी देणाऱ्या प्रॅक्टिशनरने दोन्ही हात बाहेर काढायचे, ही नाणं उडवून एका हातावर स्वतःचा हात धरणार, सांगा कुठल्या. २१ प्रॅक्टिशनर, २८० वेळा, बरोबर फक्त ४४ टक्के, म्हणजे डोळे मिटून ठोकलं असतं तरी बरं जमलं असतं. १९९८ मध्ये जामासारख्या, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने ते छापलं. तिची आई नर्सच बरं का.

तू म्हणशील पेशंटला बरं तर वाटतं ना. वाटतंच, दहा मिनिटं कुणीतरी फक्त त्याच्यासाठी थांबलं की वाटणारच, त्याला वर्कशॉप लागत नाही. त्याला विचारून हात हातात घे, आणि चार्टमध्ये ‘फील्ड बॅलन्स केलं’ असलं काही नको, ‘जवळ बसले, दुखणं दहापैकी सातवरून पाच’ एवढंच लिही.

सहा तास आहेत ना, मग सेप्सिसचं, म्हणजे जीवावर बेतणाऱ्या इन्फेक्शनचं वर्कशॉप घे, नाहीतर ते इन्शुलिन पंपाचं, ज्याला तू अजून घाबरतेस. पैसे भरले असशील तर रिफंडची तारीख आजच बघ.