इंजिन नेलंत, पण पेट्रोलचा पाइप नेलात का?

तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली तर म्हणाली, "हे तुम्हीच लिहिलंय ना?" 18 फुटी फायबरची होडी, मागे टांगलेलं 15 हॉर्सपॉवरचं दोन स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड). पाण्याच्या ड्रममध्ये लावलं की ठणठणीत, खाडीत नेलं की मिनिटभर पळतं आणि मग मागून कुणी दावं ओढल्यासारखं बसतं. थ्रॉटल कमी करून जरा थांबलं की पुन्हा मिनिटभर पळतं. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लग नवे, आणि आता मेस्त्री बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करा, म्हणतोय.

बोअर करू नका. निदान आठवडाभर थांबा.

आधी सांगतो, मी मेकॅनिक नाही. देवबागला घर आहे, कर्लीच्या खाडीत पर्यटकांना फिरवतो, मधेच गरी टाकतो, एवढंच. चार स्ट्रोक किंवा इंजेक्शनवालं इंजिन असेल तर माझं सगळंच लागू पडेल असं नाही. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, ऑइलचं प्रमाण बरोबर आहे का, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलंय का, हे तुम्ही बघितलंच असणार.

आता माझी चूक. 2023 च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन हंगामात, माझं इंजिन असंच बसायला लागलं. एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. नाव सांगत नाही, उगाच वाद नको. ते म्हणाले, "फक्त इंजिन आणा, टाकी-पाइप गाडीत नको, पेट्रोलचा वास येतो." मी आज्ञाधारक. 36 किलोचं धूड टेम्पोत आडवं बांधून नेलं. त्यांनी त्यांची टाकी, त्यांचा पाइप लावून ड्रममध्ये दहा मिनिटं चालवलं आणि कार्डावर लिहिलं 'टेस्टेड ओके'. घरी आणलं, पाण्यात टाकलं, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला कार्बोरेटरचा किट बदलला. तिसऱ्या खेपेला सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. प्रत्येक वेळी 'टेस्टेड ओके'. एकूण चौदा हजारांच्या वर गेले, आणि नाताळचा आठवडा होडी किनाऱ्यावर उताणी. खरा बिघडलेला भाग तिन्ही वेळा माझ्या पडवीत खुंटीला टांगलेला होता.

तिथल्या एकाही माणसाने मला विचारलं नाही की इंजिन बसतं तेव्हा नेमकं काय होतं. किती वेळाने बसतं? थांबलं की सुधारतं का? बिलावर सही कुठे करायची ते मात्र न विचारता सांगत होते. असो.

उलगडा झाला तो अपघाताने. एकदा माझं पेट्रोल संपलं म्हणून शेजारच्या दादांची टाकी पाइपासकट उसनी घेतली (त्यांचं इंजिनही माझ्याच कंपनीचं, कंपनी वेगळी असेल तर कनेक्टर सहसा बसत नाही). इंजिन असं सुटलं की मुलगा मागे कलंडला. परत आलो तर दादा वाळूवर बसून विडी ओढत होते. म्हणाले, "मशीन बरा आसा रे तुझा, पायप बघ."

संध्याकाळी ब्लेडने पाइप उभा चिरला. बाहेरून नव्यासारखा. आत बल्बच्या (पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा) पुढे वीतभर अंतरावर आतलं काळं अस्तर सुटून लोंबत होतं, भिजवलेल्या काजूगराची साल सुटते तसं. गंमत अशी की सुरू करण्याआधी बल्ब दाबला की तो व्यवस्थित टणक व्हायचा, म्हणून पाइपवर संशय गेलाच नाही. हाताने दाबलं की पेट्रोल पुढे ढकललं जातं आणि अस्तर बाजूला सरतं. इंजिनाचा पंप मात्र ओढतो, आणि ओढलं की तेच अस्तर पडद्यासारखं आडवं येतं.

मंद चालताना ते कळत नाही, कारण पेट्रोलच थोडं लागतं. फुल थ्रॉटलला 15 चं दोन स्ट्रोक तासाला साधारण सहा लिटर पितं, म्हणजे मिनिटाला शंभर मिली. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल आणि जे थोडं येतंय ते संपेपर्यंत इंजिन पळतं, मग उपाशी पडतं. थांबलं की वाटी भरते. म्हणूनच ड्रममध्ये ओझ्याशिवाय केलेली टेस्ट अशा दुखण्यात फुकट. तुमच्या मेस्त्रीलाही होडीत बसवून न्या, नाही म्हणाला तर दुसरा मेस्त्री बघा.

तुम्ही आता एवढंच करा. कुणाला तरी सुकाणूवर बसवा, फुल थ्रॉटल द्या, आणि इंजिन बसायला लागलं की बल्ब हाताने दाबत राहा. लगेच उचल घेतली तर इंजिनाच्या पोटात दोष नाही, त्याला पेट्रोल पुरत नाहीये. मग बल्बकडे बघा. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, किंवा तिकडचा पाइप. चपटा होत नसेल तर बल्बच्या पुढचा पाइप, कनेक्टर, फिल्टर किंवा पंपाचा पडदा. आणि बल्ब दाबून काहीच फरक पडला नाही, पहिल्या मिनिटापासूनच ताकद कमी आहे, तर मग एक सिलिंडर मेलाय का बघा, कॉम्प्रेशन मोजा. बोअरचा विषय त्यानंतर. ही टेस्ट लाइफ जॅकेट घालून, वल्हं बरोबर ठेवून, खाडीच्या आतल्या बाजूला करा. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी इंजिन बसलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तोपर्यंत फुल थ्रॉटलला रेटू नका, ही मात्र कळकळीची विनंती. दोन स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन धरला की बोअर खरंच करावा लागेल.

पाइपचं अस्तर का सुटलं? माझं मत, पेट्रोलातलं इथेनॉल. आता पंपावर वीस टक्क्यांवालं मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. त्यात आपली सवय: पावसाळ्यात होडी वर ओढायची आणि अर्धी टाकी तशीच कोपऱ्यात. इथेनॉल दमट हवेतलं पाणी धरतं. हंगाम सुरू होताना टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळं पेट्रोल बाद. नवा पाइप घेताना इथेनॉलला चालणारा आणि आउटबोर्डचाच घ्या. मोटारसायकलचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा लावणारे आमच्याकडेही आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. बल्बवरचा बाण इंजिनाकडे.

विषय निघालाच आहे तर पंख्याचंही बघून घ्या. त्याच्या आतलं रबरी बुश घसरतं. पंख्याच्या मधल्या भागावर, आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत, पेंटने एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून सरकली तर बुश गेलं. पण त्यात इंजिन ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. तुमचा तर आवाजच खाली जातोय, त्यामुळे मला तसं वाटत नाही. होडीच्या बुडाला कालवं धरली असतील तर तीही खरवडा, वेगात बराच फरक पडतो. पण कालवांमुळे होडी सुरुवातीपासूनच जड चालते, मिनिटभराने नाही.

उद्या भरतीला गेलात तर बल्ब चपटा झाला की नाही तेवढं कळवा. आणि मेस्त्रीकडे पुन्हा जायचंच झालं तर टाकी-पाइपासकट जा, वास येऊ दे.