एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असूनही स्वपरागण (स्वतःचेच पराग स्वतःच्या स्त्रीकेसरावर पडणं) का होत नाही?

होतं की! पण बरीच झाडं ते टाळतात. पपईत सहसा नर आणि मादी झाडंच वेगळी, तिथे प्रश्नच मिटला. कुठे वेळ चुकवली जाते. सूर्यफुलातलं एक पुष्पक, म्हणजे त्या गुच्छातलं एक बारीक फूल, भिंगातून पाहा: आधी परागकण बाहेर ढकलले जातात, कुक्षीची (स्त्रीकेसराच्या पराग झेलणाऱ्या शेंड्याची) दोन टोकं त्यानंतर उघडतात. मजा पुढे आहे. बाहेरचे पराग आलेच नाहीत तर तीच टोकं मागे वळतात आणि स्वतःच्या परागांना टेकतात. म्हणजे आधी टाळायचं, नाइलाज झाला की चालवून घ्यायचं!

मला सगळ्यात भारी वाटते ती रासायनिक ओळख. पेटुनियासारख्या वनस्पतींत स्वतःचा परागकण कुक्षीवर रुजतो, त्यातून परागनलिका ही बारीक नळीही निघते, पण कुक्षीवृंतातली (कुक्षीखालच्या दांड्यातली) प्रथिनं तिला 'घरचीच' म्हणून ओळखतात आणि वाटेतच तिची वाढ थांबवतात.

उलट वाटाण्यात फूल उमलण्याआधीच परागण उरकलेलं असतं. केना हे तण तर निळ्या फुलांशिवाय जमिनीखाली कधीच न उघडणारी फुलंही धरतो. कीटक येवोत न येवोत, बी पक्कं. फक्त अशा बियांत जनुकीय विविधता कमी, एवढाच तोटा.