तुमचा गळ घरी ठेवा

प्रश्न : दादा, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तलावपाळीला बोटिंग करताना त्याने कुणाला तरी मासा काढताना बघितलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मी ऑनलाइन रॉड आणि रीलचा सेट मागवला, चांगला तीन हजारांचा, आणि रविवारी गायमुखला गेलो. पहिल्याच फेकीला दोरी गुंतली, मी तासभर गाठी सोडवत बसलो, पोरगं रडून गाडीत झोपलं. काय चुकलं आणि आता काय घेऊ? (एक बाबा, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : तुमचा मुलगा रडला तो मासा मिळाला नाही म्हणून नाही हो, तासभर त्याच्या हातात करायला काहीच नव्हतं म्हणून. रील परत जात असेल तर परत करा, नसेल जात तर माळ्यावर ठेवा आणि तो नऊ-दहा वर्षांचा झाला की काढा. सहा वर्षांच्या बोटांना रीलवरची तारेची कडी उघडायची, दोरी बोटाने धरायची, दांडी फिरवायची आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचं हे सगळं एका दमात जमत नाही, मोठ्यांनाही पहिल्या दिवशी जमत नाही. त्यात गायमुखला खाडीच्या पाण्याला ओढ जबरदस्त, हलकं वजन वाहून दगडात जातं आणि तिथेच अडकतं. म्हणजे चूक तुमच्या हाताची नाही, सामान आणि जागा दोन्ही त्याच्या वयाच्या पुढची होती.

आता काय घ्यायचं. बांबूची सरळ काठी, सहा-सात फुटी, टोकाला बारीक होत गेलेली, पोराला एका हातात पेलेल अशी. टोकाला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, बांधा, पाव मिलिमीटर जाडीचा पुरे, आणि लांबी काठीएवढी किंवा वीतभर कमी. म्हणजे काठी उभी धरली की गळ आपोआप हाताशी येतो, गुंडाळायचं काही नाही, गुंतायचंही फार काही नाही. गळ 10 किंवा 12 नंबरचा मागा, नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होतो हे दुकानात लक्षात ठेवा नाहीतर मोठा गळ घेऊन याल आणि चिलापी (तिलापिया मासा) आमिष कुरतडून निघून जाईल. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो तो घरीच पकडीने दाबून सपाट करून टाका. तंगूस ताणलेला ठेवला तर मासा तरीही सहसा सुटत नाही, पण गळ बोटात घुसला तर सरळ बाहेर येतो आणि माशालाही कमी फाडतो. वजनाला शिसं नको, लहान मुलं ते तोंडात घालतात, दाताने दाबतात, एखादा बारीक लोखंडी नट लावा.

तरंगायला बूच. इथे मात्र घाई करू नका, कारण अख्ख्या सामानात पोराचं मन गुंतेल अशी वस्तू हीच आहे. बाटलीच्या बुचाचा अर्धा तुकडा घ्या, मधून टूथपिक आरपार घाला, आणि वरचा भाग आईच्या लाल नेलपॉलिशने त्यालाच रंगवायला द्या. मग बादलीत पाणी घेऊन नट कमी-जास्त करत बघा, बूच आडवं न पडता उभं राहिलं पाहिजे आणि फक्त लाल टोपी पाण्याबाहेर दिसली पाहिजे. बूच जास्त वर राहिलं तर छोट्या माशाला ते खाली ओढायला जड जातं, हात लागल्यासारखं होऊन तो आमिष सोडतो आणि वर कुणाला कळतसुद्धा नाही. बादलीतला हा अर्धा तास म्हणजे पोराचं निम्मं शिक्षण, खालून बोटाने दोरी ओढून दाखवा, बूच कसं आधी थरथरतं, मग तिरकं चालतं, मग बुडतं. तळ्यावर ते दिसलं की त्याला तुम्ही सांगायच्या आधी कळेल.

आमिषाला गव्हाची कणीक, त्यात चिमूटभर बेसन आणि कापसाचे दोन-चार धागे मळून घ्या, कापसामुळे गोळी पाण्यात विरघळत नाही. गोळी तुरीच्या दाण्याएवढीच. कुंडीतलं गांडूळ असेल तर त्याचा नखाएवढा तुकडा अजून चांगला, आणि पोरांना गांडूळ उकरणं मासे धरण्याइतकंच आवडतं.

जागा. ठाण्याच्या शहरातल्या तलावांवर आधी बोर्ड वाचा आणि सुरक्षारक्षकाला विचारा, बऱ्याच ठिकाणी गळ टाकू देत नाहीत. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला खाडीचा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये त्याला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला, तिकडे गळ घेऊन जायचंच नाही. सगळ्यात बरं म्हणजे बदलापूर-कर्जतकडे कुणा ओळखीच्याचं मातीच्या काठाचं जुनं तळं. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. त्या कागदावर शेवाळ धरतं, उतार तीव्र असतो, एकदा पाय घसरला की पकडायला काही नसतं आणि पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. हे मी जोर देऊन सांगतोय. मातीचा काठ असला तरी पोराच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, डोक्यावर टोपी, डोळ्यावर साधा गॉगल, कारण गळ मागे येतो तो नेमका तोंडाच्या उंचीवर.

आणि आता माझं मुख्य म्हणणं. तुमचा स्वतःचा गळ घरी ठेवा. माझ्या पुतण्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा मीही एक दांडी टाकून बसलो होतो, माझ्या दांडीला ओढ लागली आणि मी तिकडे बघत राहिलो, तेवढ्यात त्याचं बूच बुडून वर आलं. तो "काका, काका" करत होता आणि मी "थांब रे" म्हणत होतो. त्यानंतर वर्षभर तो माझ्याबरोबर आला नाही. माझे आजोबा मला खाडीवर न्यायचे तेव्हा त्यांच्या हातात फक्त विडी असायची, दांडी माझ्याच हातात, ते माझ्या मागे उकिडवे बसून माझ्याच बुचाकडे बघायचे. ते मी विसरलो होतो. तुम्ही मागे बसा, आमिष लावून द्या, मासा सोडवून द्या, बाकी हात लावू नका. बूच बुडालं की ओरडू नका, हळूच "एक, दोन" म्हणा आणि त्याला काठी नुसती वर उचलू द्या, हिसका नको, हिसक्याने छोट्या माशाचं तोंड फाटतं नाहीतर गळ मागच्या झाडात जातो. मासा बोटभर आला तरी चालेल. मोठा मासा येईपर्यंत दोन तास बसवण्यापेक्षा दहा मिनिटांत बोटभर चिलापी बरी. सकाळी सात ते आठ, बास. तो दगड मारायला लागला, खेकड्याचं बीळ शोधायला लागला, तर शोधू द्या, आणि "अजून थोडं" म्हणतोय तेव्हाच घरी निघा.

एक राहिलं, पावसात नाही. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होडी काढायची जुनी रीत आहे, लहान पोराला काठावर न्यायलाही तोच हिशोब लावा. पाऊस ओसरला की पुढचे दोन-तीन महिने मस्त असतात.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची, भाऊ जातो म्हणून तिलाही जायचंय. पण एवढ्या लहान हातात गळ द्यायची भीती वाटते. (वाचक, नेरुळ)

उत्तर : देऊच नका ताई. तिला चिंबोरी, म्हणजे खेकडा, धरायला न्या, त्याला गळ लागत नाही. एक सुतळी, तिच्या टोकाला माशाचं मुंडकं घट्ट बांधायचं, बाजारात कोळणीकडे मागितलं तर असंच देईल, आणि कठडा असलेल्या जेट्टीवरून तळाला सोडायचं. सुतळी जड वाटली की सावकाश, अगदी सावकाश वर घ्यायची, चिंबोरी खाण्याच्या नादात सोडत नाही, पाण्याबाहेर यायच्या आत खालून जाळीची टोपली धरली की झालं. झटका दिला की गेली. टोपली तुम्ही धरा, सुतळी तिच्या हातात. नांग्या असतात म्हणून बादलीत हात घालू देऊ नका, आणि पोटाखाली अंडी असलेली मादी दिसली की लगेच पाण्यात. जेट्टीवर जायच्या आधी तिथल्या कोळी मंडळींना विचारा, त्यांची जागा आहे ती, आणि चिखलात, तिवरांमध्ये उतरायचं नाही.

वेळ साधायची तर कॅलेंडर बघा. तिथीला पाऊणने गुणलं की आपल्याकडच्या भरतीची साधारण वेळ मिळते, द्वादशीला नऊ, अष्टमीला सहा, खाडीत आत थोडी उशिरा. म्हणजे द्वादशीच्या सकाळी सात ते नऊ पाणी चढत असतं, चिंबोरी पाण्याबरोबर काठाला येते. हे गणित माझ्या गावात शाळेत न गेलेल्या बायाही तोंडी करतात.

प्रश्न : आमच्या घरी मासे खात नाहीत. सासूबाई म्हणतात, नातवाला जीव दुखवायला शिकवू नका. धरून सोडून दिला तर चालेल ना? (वाचक, कळवा)

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं मी खोडणार नाही. सोडून दिला म्हणजे माशाला काही झालं नाही असं नसतं, गळ लागतोच. कमी इजा व्हावी म्हणून काय करायचं ते सांगतो, ठरवा तुम्ही. हात ओले करूनच मासा धरायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. पाण्याबाहेर तुम्ही स्वतः श्वास रोखून धराल तेवढाच वेळ. आणि सोडायचा तो त्याच पाण्यात, दुसऱ्या तळ्यात कधीच नाही. चिलापी आपली नव्हेच, 1952 च्या सुमारास बाहेरून आणली आणि आता जिथे तिथे तिचंच राज्य आहे. आणि नातवाला हे जमत नसेल, मासा तडफडताना बघून तो मागे सरला, तर त्याला गळाशिवाय नुसतं कणकेची गोळी टाकून मासे जमवायला शिकवा, तेही तास तास चालतं.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करायचं? (वाचक, विटावा)

उत्तर : शिंगाळा, म्हणजे मिशांचा काटेरी मासा, आला की मुलाने हातच लावायचा नाही, तंगूस कापा, मोठ्या माणसानेच पक्कड वापरून सोडवायचा. काटे तीन, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही कल्ल्यांमागे. लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, साधारण 45 अंश, आधी स्वतःचा कोपर घालून बघा, अर्धा ते दीड तास, गरमीने कळ कमी होते. मग डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. काट्याचा तुकडा आत राहिला तर घरी उकरू नका. आणि कापलेला तंगूस तिथे टाकून येऊ नका, बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे पाय त्यात अडकतात, रिकाम्या बाटलीत कोंबून घरी आणा.