‘टँक’ म्हणजे टाकी, रणगाडा आणि बिनबाह्यांचा टॉपही, हे कसं?

तुमच्या मुलीचा प्रश्न चांगला आहे. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘टाकी हा शब्द आपण इंग्रजीतूनच घेतला असणार.’ मी लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. नाही घेतला.

बडोद्याला रावपुऱ्यात आमच्या घराच्या चौकाखाली टांकं होतं. जमिनीच्या पोटात बांधलेलं, आतून चुन्याचा गिलावा, वर दगडी झाकण. मृगाचा पहिला पाऊस पन्हळीतून बाहेर सोडून द्यायचा. कौलं धुऊन निघाली की पन्हळीचं तोंड टांक्याकडे वळवायचं, आणि तो मान आजीचा. आजव्याच्या तलावाचं पाणी नळाला येत होतं, मागे विहीरही होती. पण विहिरीचं पाणी जड, त्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी राहायची. आमच्याकडे वरण टांक्याच्या पाण्यातच व्हायचं.

१९७८ साली ताईला बघायला पुण्याची मंडळी आली. मी चौदा वर्षांचा. पाण्याचं तांब्याभांडं मीच नेलं. आजी कौतुकानं म्हणाली, ‘टांक्याचं आहे हो, घ्या.’ मुलाचे मामा इंग्रजीचे प्राध्यापक. ते म्हणाले, ‘आजी, टँक म्हणा. मूळ इंग्रजी शब्द आहे. गुजराती लोक त्याचं टांकुं करतात, तुम्हीही तेच उचललंत.’ सगळे हसले. मीही हसलो.

लग्न ठरलं, झालं. पण त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर आजी ‘टँक’ म्हणायला लागली. ‘टँकचं पाणी आण रे.’ पाटावर बसून निगुतीनं तो शब्द उच्चारायची आणि माझ्याकडे बघायची, बरोबर म्हटला ना, म्हणून. पुढे सात वर्षं जगली, पाहुण्यांसमोर ‘टांकं’ पुन्हा म्हणाली नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मला हॉब्सन-जॉब्सन बघायला मिळाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा हा कोश १८८६ चा. त्यात ‘टँक’खाली गुजराती शब्द आहे आणि मराठीही आहे: ‘टांकें’ किंवा ‘टाकें’. म्हणजे ज्या अनुस्वारावरून माझ्या आजीला गुजराती ठरवलं, तो मराठी म्हणूनच तिथे नोंदवलेला! सुरतेला इंग्रजांची वखार पडली १६१३ मध्ये, आणि त्यांच्या लेखनात ‘टँक’ दिसू लागतो तो साधारण त्याच सुमारास. अर्थ तेव्हा एकच: पाण्याचा तलाव किंवा हौद. आणि टाकं ही वस्तू आपल्याकडे इंग्रज यायच्या कितीतरी आधीची. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत खडकातल्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी तर तुम्ही पाहिलीच असतील.

रणगाड्याचं म्हणाल तर तो केवळ गुप्ततेचा खेळ. १९१५ मध्ये इंग्लंडात लिंकन शहरातल्या कारखान्यात ही गाडी बनत होती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनतायत असं भासवलं आणि टँक हे नाव ठेवलं. १५ सप्टेंबर १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गाडी मैदानात उतरली, नाव तेच राहिलं. टॉपचा रणगाड्याशी काही संबंध नाही. अमेरिकेत पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, तिथे घालायच्या पोशाखाला टँक सूट, आणि त्याच्या वरच्या भागासारखा तो टँक टॉप. झालं तुमचं उत्तर.

आता माझं. घरातल्या म्हाताऱ्यांचा शब्द इंग्रजीसारखा वाजला म्हणून तो बिघडलेला इंग्रजी समजू नका. आमच्या बडोद्याच्या मराठीला ‘गुजराती झालेली’ म्हणून नाक मुरडणारे मी आयुष्यभर पाहिले. गुजराती आमच्या शेजारात आहे, अडीचशेहून जास्त वर्षांचा शेजार आहे, शब्द येणार-जाणारच. सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश करवला त्यात मराठी आणि गुजराती शेजारीशेजारीच बसल्यात. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. मुलीला शब्दकोश जरूर दाखवा, पण आधी तिच्या पणजीला, आजीला विचारा की त्या हौदाला काय म्हणायच्या.

हे सगळं मी ताईच्या मामेसासऱ्यांना एका लग्नात सांगितलं, कोशातलं पान उतरवून नेलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, ‘अहो, पण पोर्तुगीज?’ हे मलाही सोडता येत नाही. पोर्तुगीजांकडे ‘टांके’ हा शब्द होता, आणि तो लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्यासाठीच्या ‘स्टॅग्नम’ या शब्दाच्या कुळातला मानतात. दोन शब्द वेगवेगळ्या वाटेनं येऊन या किनाऱ्यावर भेटले आणि इंग्रजांच्या तोंडी एक झाले, असं दिसतं. म्हणून ‘टँक’ निव्वळ आपलाच असं मी म्हणत नाही. टांकं मात्र आजीचंच होतं, आणि हे मी त्यांना त्या मांडवात सांगितलं. ते काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला.